‘मजेत’नंतरचं उत्तर

शालिनीताईंनी आपल्याला ‘कसं काय?’ विचारू नये, अशी आमच्या शारजाच्या अल मजाज भागातल्या इमारतीतली यच्चयावत मराठी मंडळी मनोमन प्रार्थना करत. कारण ही बाई विचारून झाल्यावर खरोखरच उत्तराची वाट बघत असे.

लिफ्टमध्ये गाठ पडली की ‘कसं काय?’ यायचंच. आपण ‘मजेत’ म्हणावं, संपलं. पण ताई चष्म्यावरून बघत उभ्याच. मजला यायचा, दार उघडायचं, तरी बघताहेत. मग आपणच गुडघा, सासूबाई, घरभाडं असं काहीबाही बोलत सुटायचो. माझा मुलगा एकदा वैतागून म्हणाला, “आंटी, फाइन मीन्स फाइन!”

“असेल. मी थांबते,” ताई म्हणाल्या.

हा त्यांचा धंदाच होता. आई आणि बाळ यांच्या आरोग्यावर संशोधन करायला निघालेल्या मुलींना त्या शारजातल्या एका संस्थेत शिकवत. या मुली पुढे घरोघरी जाऊन विचारणार, बाळंतपण कुठे झालं, बाळ जगलं का, नसेल तर काय झालं. ताईंचं म्हणणं, प्रश्न काय, कोणीही विचारतं. विचारून गप्प बसायला शिकावं लागतं.

मग मंदी आली. दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि आमच्या ह्यांची नोकरी गेली. मी कुणाला कळू दिलं नव्हतं. ताईंनी लिफ्टमध्ये विचारलं, मी ‘मजेत’ म्हणाले आणि आमचा मजला यायच्या आत हमसून रडायला लागले. त्यांनी सांत्वन केलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. दार धरून उभ्या राहिल्या, बस्स. त्या बाईचा मला भयंकर राग आला आणि तेवढंच बरंही वाटलं.

लवकरच त्यांच्या वर्गावरही गदा आली. संस्थेचा मॅनेजर म्हणाला, “मॅडम, बजेट खलास. लडकियाँ काम करते करते सीख लेंगी.” म्हणजे शिकवणं बंद, घरोघर जाणं मात्र ठरल्याप्रमाणे चालू. ताईंचं डोकंच फिरलं.

“अर्धवट शिकलेली पोर आईला रडवते आणि पळून येते,” त्या म्हणाल्या, आणि वर्ग आपल्या घरच्या हॉलमध्ये भरवू लागल्या. सरावाला एक आई हवी होती, तर माझी वर्णी लागली. बाळ गेलेल्या आईचं सोंग मी इतकं मन लावून वठवायची की ताईंनी दम भरला, “अहो, स्पर्धेला नाही उतरलात!”

मुली तयार होत होत्या. लखनौच्या शबनमला तेवढं जमेना. मी डोळ्याला पदर लावला की हिचं “सॉरी आंटी, सॉरी” सुरू, आणि लगेच पुढचा प्रश्न. शेवटच्या दिवशी ताईंनी मला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या.

“अब मैं माँ हूँ. पूछो.”

“आपके कितने बच्चे हैं?”

“एक बेटी हुई थी. नहीं रही.”

मला वाटलं, बाई माझ्याहून सरस नाटक करतात. पण ताई घाईघाईने म्हणाल्या, “चलो, अगला सवाल.” ताईंना घाई? हे नवीनच होतं. शबनमही जागची हलली नाही. सॉरीसुद्धा म्हणाली नाही. बघत राहिली.

बऱ्याच वेळाने ताई बोलल्या, तेही मोडक्यातोडक्या हिंदीत. लग्नानंतर साताऱ्याला असताना अशीच एक मुलगी फॉर्म घेऊन घरी आली होती. ताईंना रडू फुटलं तशी ती सॉरी म्हणाली, चप्पल घालून निघून गेली. “उसकी गलती नहीं थी. पर मुझे उसको नाम बताना था.”

“क्या नाम था?” शबनमने विचारलं.

“बारसं झालंच नव्हतं,” ताई एकदम मराठीत बोलल्या. बारशाआधी गेलेल्या मुलीला नाव कुठलं? यांनी ते मनातल्या मनात ठेवलं होतं. कधी कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

शबनम थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो.

“ज्ञानदा,” ताई म्हणाल्या.

“ग्यानदा,” शबनम हलकेच म्हणाली.

अगं ग्यान नव्हे, ज्ञान, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ताईंनी माझा हात घट्ट दाबला.

“फिर से बोल,” त्या शबनमला म्हणाल्या.