नाडगीरअण्णांची विनाकारण बरी झालेली कंबर

कंबर दुखायची थांबली म्हणून वैतागलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या शेजारचे नाडगीरअण्णा.

अण्णांचा जन्म सरकारी कारखान्यात यंत्रं तपासण्यात गेला. "स्वल्प थांबा. कारण काय?" हे त्यांचं पालुपद; 'स्वल्प' म्हणजे जरा, इथल्या कानडीची लागण. लिफ्ट बंद पडली तरी कारण, सुरू झाली तरी कारण. उन्हाळ्यात दूध नासलं नाही, तर का नासलं नाही याचाही ते तपास करतील.

निवृत्तीनंतर त्यांची कंबर धरली ती सुटेना. गोळ्या, शेक, पट्टा, सगळं झालं. शेवटी डॉक्टरांनीच सुचवलं, कानात सुया टोचून बघा, काहींना गुण येतो. अण्णा चामराजपेटच्या दवाखान्यात गेले ते वाद घालायलाच. दुखते कंबर आणि टोचता कान, हे म्हणजे नळ गळतोय म्हणून दाराची बेल दुरुस्त करणं, असं त्यांनी तिथल्या बाईंना ऐकवलं. बाईंनी "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत सुया लावल्या.

काही आठवड्यांनी अण्णा वाकून बुटाची नाडी बांधताना दिसले. बरं वाटतंय ना, मी विचारलं. चेहरा कसनुसा. आधी म्हणाले, गादी बदलली. मग म्हणाले, हवा. चार पावलं जाऊन परत आले आणि गादी गेल्याच वर्षी बदलल्याचं स्वतःच सांगून गेले. माझं म्हणाल तर दुखणं थांबलं की माणसानं गप्प बसावं. हे इतके का गोंधळलेत ते मला कळेना.

ते उषाअक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घेवडा निवडताना सांगितलं. अक्कांची अर्धशिशी जुनी. पूर्वी त्याही अशाच सुया घ्यायच्या, उतार पडतो म्हणायच्या. अण्णांनी 'मनाचे खेळ' म्हणून इतकी थट्टा केली की त्यांनी जाणं सोडलं. डोकं मात्र दुखतच राहिलं.

"आता ह्यांची कंबर खरी आणि माझं डोकं मनाचं," अक्का म्हणाल्या आणि शेंगा मोडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दारात. तिला तुम्ही घेऊन जा, माझं ऐकायची नाही. मी म्हटलं, गाडी मी काढते, सांगायचं तुम्ही. ते घरात गेले. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण दोघंही खाली आले.

सुया लावण्याआधी कानातलं काढावं लागतं. अक्कांनी मोत्यांच्या कुड्या काढल्या, पर्स उघडली, तर अण्णांनी हात पुढे केला. अक्कांनी त्यांच्याकडे जरा पाहिलं आणि कुड्या तळहातावर ठेवल्या. सुया निघेपर्यंत अण्णा मूठ आवळून बसले.

"सापडलं का कारण?" मी हळूच विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो. मागून अक्का म्हणाल्या, "स्वल्प हलकं वाटतंय."

मी आरशात पाहिलं. अण्णांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. कुड्या अजून त्यांच्या मुठीतच होत्या.