लिफ्ट बंद पडल्यापासूनचं पाणी

माझ्या कॉफीच्या यंत्रात क्षार साचूच शकत नाही, असं मी आमच्या इटलीतल्या ट्रिएस्ट शहरातल्या निम्म्या बायकांना ठणकावून सांगितलेलं होतं. इथलं नळाचं पाणी म्हणजे मागच्या डोंगराचा पातळ केलेला चुनखडक. म्हणून घरात पहिलं यंत्र आलं तेव्हापासून माझा नियम एकच: त्यात फक्त विकतचं पाणी. दर शनिवारी माझा नवरा दुइलियो रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन खाली उतरायचा आणि तासाभराने धापा टाकत चौथ्या मजल्यावर परतायचा. झाकणं घट्ट असतात म्हणून तीही तोच उघडून द्यायचा. किती जीव लावतो, असं मला वाटायचं.

माझी नणंद नेरीना नळाचंच पाणी वापरायची. तिच्याकडे मी एक घोट घेऊन कप खाली ठेवायची. "नेरीना, खडू लागतोय गं जिभेला."

आणि एके दिवशी माझंच यंत्र खोकायला लागलं. दमेकऱ्यासारखी घरघर, मग एक थेंब, मग बराच विचार करून आणखी एक. माझी मुलगी ओंदीना येऊन बघून गेली आणि दुसऱ्याच दिवशी कॉफीच्या तयार कॅप्सूलवर चालणारं नवं यंत्र खोक्यासकट दारामागे आणून ठेवलं. रविवारच्या कॉफीपर्यंत जुनं सुधारलं नाही, तर ते भंगारात!

मी यंत्राची जाळी उघडली. आत पांढरे खडे, अंड्याच्या कवचासारखे! मी चक्रावले. विकतच्या पाण्यात खडक आला कुठून? समुद्राच्या वाऱ्याने? साखरेने? की गेल्या वेळी नेरीनाने काही टाकलं? दुइलियो म्हणाला, कॉफीची धूळ असेल, आणि गच्चीत जाऊन झाडांना पाणी घालू लागला. पाऊस पडत होता.

शेवटी खडे बशीत घेऊन मी खालच्या किराणावाल्याकडे, तुल्लियोकडे गेले. तिथे नेमकी नेरीना हॅम कापून घेत उभी. मी बशी आपटली आणि माझ्या नवऱ्याच्या कमरेचे हाल करून तू बाटलीत खडक विकतोस का, असं चारचौघांत विचारलं.

तुल्लियोने बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिचाबाई, तुमची लिफ्ट बंद पडल्यापासून दुइलियोने माझ्याकडून पाण्याची एक बाटली नेलेली नाही."

लिफ्ट बंद पडली तेव्हा ओंदीना शाळेत होती. आता ती पांढरे केस रंगवते.

नेरीना हॅम चघळत शांतपणे म्हणाली, "वहिनी, जिभेला काही लागलं नाही का गं?"

घरी दुइलियोने न्हाणीघरातला नळ दाखवला; वर आल्यावर बाटल्या तो तिथेच भरायचा. म्हणाला, "चार मजले गं, लिचा. आणि तुला ते पाणी आवडतही होतं."

रागारागात मी लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून यंत्रात ओतलं, थोडं वाहू दिलं, बाकीचं आत मुरू दिलं, मग साध्या पाण्याने खळखळून काढलं. यंत्र पुन्हा तरणंताठं झालं. दुइलियोला खरंखुरं विकतचं पाणी आणायला लावलं. या वेळची धाप निराळीच होती; तेव्हा कुठे आधीचं नाटक कळलं.

रविवारी धार कशी सुरेख पडली! ओंदीनाने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, ही आपल्या घरची कॉफी नाही." तिची नजर दारामागच्या खोक्याकडे गेली.

मीही चाखून पाहिली. तिला काही चवच नाही. मी दुइलियोकडे पाहिलं. तो बाटली घेऊन न्हाणीघरात गेला.

दुसऱ्या कपाला ओंदीना म्हणाली, "हां, ही." खोकं तिच्याबरोबर परत गेलं.

आता दर महिन्याला मी यंत्राला लिंबूसत्त्व पाजते, आणि बाटल्याही नळाखाली मीच भरते. दुइलियो मात्र अजूनही शनिवारी रिकाम्या बाटल्या घेऊन खाली उतरतो आणि तासाभराने धापा टाकत वर येतो. हा तासभर असतो कुठे, हे तुल्लियोला नक्की ठाऊक असणार. विचारलंही असतं, पण त्या दुकानात नेहमी नेरीना उभी असते.