अस्वलवन म्हणजे गरुडवनच ना?

एका जंगलात... नाही, थांबा, एका नव्हे, दोन जंगलांत. नीट बसा बघू. पाय पसरू नका, आणि मध्येच प्रश्न विचारू नका, माझा धागा तुटतो.

तर एक होतं कांगारूवन आणि दुसरं अस्वलवन. दोघांमध्ये एवढं अंतर, की एकीकडे उन्हानं पाठ भाजायची तेव्हा दुसरीकडे बर्फानं मिशा गोठायच्या. पण भाषा मात्र दोघांची एकच. कशी म्हणाल, तर फार पूर्वी समुद्रापलीकडून एक सिंह आला होता. त्यानं दोन्हीकडे राज्य केलं आणि जाताना आपली भाषा मागे ठेवून गेला. चेंडूफळीसुद्धा ठेवून गेला. कांगारूंनी दोन्ही उचलल्या. अस्वलांनी भाषा तेवढी घेतली, कारण बर्फात चेंडू सापडत नाही. सगळा घोळ झाला तो इथेच.

आपल्याकडच्या माकडांचंच बघा ना. कांगारूवनात डावखुरा कोण, उसळता चेंडू कोण टाकतो, कोणाचा गुडघा सुजलाय, सगळं तोंडपाठ. आणि अस्वलवन? निम्म्या माकडांची पोरं तिकडे शिकायला गेली आणि तिथेच बिऱ्हाड थाटून राहिली. तरी पारावर विषय निघाला की ही माकडं शेपटी खाजवत विचारणार, "अस्वलवन म्हणजे गरुडवनच ना?"

कारण अस्वलवनाच्या बांधाला बांध लागून गरुडवन होतं. गरुडवन म्हणजे बडं प्रस्थ! तिथे कोणी शिंकलं तरी जगभर बातमी. त्यांची भाषाही तीच आणि बोलायची ढबही तीच. त्यामुळे अस्वलवनात काही चांगलं झालं की ते गरुडवनाच्या नावावर पडायचं. एखाद्या अस्वलानं विनोद केला की जग पोट धरून हसायचं आणि म्हणायचं, "हे गरुड म्हणजे भारी विनोदी हं!" एका अस्वलानं औषध शोधलं. जग बरं झालं आणि गरुडांचे आभार मानून आलं. गरुडांनी ते ठेवूनही घेतले. आपणहून कोणी देतंय तर नाही कशाला म्हणायचं?

अस्वलांना राग यायचा नाही का? यायचा की! पण त्यांच्यात एक रीत होती. दुसऱ्याची चूक त्याच्या तोंडावर दाखवायची नाही. आणि काही बोलण्याआधी "माफ करा" म्हणायचं. तुम्ही अस्वलाच्या पायावर पाय दिलात, तर अस्वलच म्हणणार, "माफ करा, माझा पाय मध्ये आला."

अशा या अस्वलवनात केसोपंत नावाचं एक वयस्क अस्वल होतं. केसोपंत ओळख खात्याचे मुख्य अधिकारी. अस्वलवनाची जगाला ओळख करून द्यायची, हे त्या खात्याचं काम. खात्याच्या दारावर पाटी मात्र नव्हती. पाटी लावली तर पुढे पुढे केल्यासारखं दिसेल, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

केसोपंतांना एकच मुलगी, मधुवंती. काय गळा होता पोरीचा! ती गायला लागली की झऱ्यावर पाणी प्यायला आलेली हरणं पाणी प्यायची विसरायची. मोठाले मांडव गरुडवनातच पडायचे, म्हणून ती तिकडे जाऊन गायची. दूरदूरचे प्राणी यायचे, ऐकायचे, डोळे पुसायचे आणि घरी जाऊन सांगायचे, "काय ती गरुडवनाची कोकिळा!"

अस्वलाच्या लेकीला कोकिळा म्हणतात, हे केसोपंतांनी गिळलं असतं. पण गरुडवनाची? तो घास काही घशाखाली उतरेना.

त्यातून त्या वैशाखात सगळ्या जंगलांची जत्रा होती. बारा वर्षांनी एकदा भरणारी. शेवटचं, मानाचं गाणं मिळालं होतं मधुवंतीला. केसोपंतांचे गुडघे थकले होते, नजर अधू झाली होती. पुढच्या जत्रेला आपण काही नसणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की भरल्या मांडवात निवेदकानं "अस्वलवनाची मधुवंती" असं म्हणावं आणि ते आपल्या कानांनी ऐकावं. या एका काळजीनं त्यांना मधसुद्धा गोड लागेना.

"एवढंच ना बाबा?" मधुवंती म्हणाली. "मी आधीच सांगून ठेवते निवेदकाला."

"छे, छे! तो बिचारा चुकेल असं आधीच गृहीत धरायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक आपल्याला ओळखतच नाहीत बाबा. म्हणतील काय?"

यावर केसोपंतांनी समिती नेमली. समितीनं अभ्यासदौरा सुचवला. भाषा तीच आणि सिंहही तोच, मग कांगारूंना सगळं जग ओळखतं आणि आपल्याला कुत्रं विचारत नाही, असं का? हे बघायला केसोपंत बोचकं बांधून कांगारूवनात गेले.

तिथे वेशीवरच भलंमोठं कांगारूचं चित्र. ताटावर कांगारू, साबणावर कांगारू, चमच्याच्या दांड्यावरसुद्धा कांगारू. त्यांचे यजमान होते झेपेराव कांगारू. स्वभावानं मोकळे.

"या, या, केसोपंत! सावलीत बसा, भाजून निघाल."

"माफ करा, त्रास देतोय," केसोपंत म्हणाले. "पण तुम्ही नेमकी युक्ती काय केलीत?"

"युक्ती कसली डोंबलाची! देवानं पोटाला पिशवी दिली. आम्ही उडी मारली. जगानं बघितलं. झालं!"

"बस, एवढंच?"

"एवढंच. एकच गोष्ट दाखवायची. दहा दाखवल्यात तर जग गोंधळतं."

केसोपंतांनी चटकन वहीत लिहून घेतलं, 'एकच गोष्ट.' वही मिटणार, तेवढ्यात झेपेराव जरा जवळ सरकले.

"एक सांगू का पंत? मी बावीस वर्षं नाटकं लिहितोय. परवा शेजारच्या जंगलात माझ्या नाटकाचा प्रयोग झाला. दुःखाचं नाटक हो. लिहिताना मीच दोनदा रडलो होतो. संपल्यावर मला वर बोलावलं. मला वाटलं, चला, कदर झाली. तर म्हणतात कसे, 'अहो, एक उडी मारून दाखवा ना!'"

"अरेरे! मग?"

"मग काय, मारली. नाटकाला पडल्या नव्हत्या इतक्या टाळ्या उडीला पडल्या." झेपेरावांचा आवाज ओला झाला. "तुमच्या मुलीचं गाणं मी ऐकलंय. ही गाणारी कोण, कुठली, काही ठाऊक नव्हतं मला. म्हणून नुसतं गाणंच ऐकलं, डोळे मिटून. पंत, कशाला लागताय या ओळखीच्या नादाला?"

केसोपंतांच्या मनात आलं, वा रे वा! स्वतः भरल्या पोटी ढेकर द्यायची आणि दुसऱ्याला उपासाचं महत्त्व सांगायचं! हे त्यांनी वहीत लिहिलं नाही.

परत आल्यावर समितीची बैठक बसली. जगाला दाखवायची ती एकच गोष्ट कोणती? एक अस्वल म्हणालं, "माफ करा, आपलं लाल पान दाखवू या." दुसरं म्हणालं, "माफ करा, पान छानच आहे, पण झाडाचा तो गोड पाक?" पहिलं लगेच म्हणालं, "तुमचा पाकच बरा." दुसरं म्हणालं, "छे हो, तुमच्या पानाची सर नाही." असं करता करता तीन आठवडे गेले. कोणीही दुसऱ्याचं म्हणणं खोडायला तयार होईना, आणि तोवर जत्रा येऊन ठेपली.

मांडव खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत गरुड, मागे हत्ती, हरणं, कांगारू, आणि खांबांवर आपली माकडं. केसोपंत तिसऱ्या रांगेत बसले होते. निवेदक होता राघो पोपट. त्यानं पंख झटकले आणि आवाज लावला.

"मंडळी, जिची तुम्ही आतुरतेनं वाट बघताय, ती, गरुडवनाची शान, मधुवंती!"

गरुडांनी छात्या फुगवल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मधुवंतीनं वडिलांकडे बघितलं, मान खाली घातली आणि सूर लावायला तोंड उघडलं. रीत म्हणजे रीत.

आणि केसोपंत उठून उभे राहिले. कसे उठले, ते त्यांनाही कळलं नाही.

"माफ करा," ते म्हणाले. सगळा मांडव वळला. "माफ करा, राघोजी, आपण फार सुंदर बोलता. चूक आपली नाही, आमचीच. आम्ही कधी सांगितलंच नाही. मुलगी आमची आहे. माफ करा, गरुडवनाबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ती अस्वलवनाची आहे हो. अस्वलवन म्हणजे गरुडवन नव्हे. शेजारी आहे. मध्येच बोललो, माफ करा."

मग खांबावरचं एक माकड खिदळलं, "अरे, हे तर ते माफीवाले!"

"हो की!" हत्ती म्हणाला. "मी एकदा यांच्या पायावर पाय दिला होता, तर हेच माझी माफी मागत बसले!"

"मी यांचं मधाचं मडकं फोडलं होतं," हरीण ओरडलं, "तर म्हणाले, माफ करा, मडकंच वाटेत होतं!"

एकेकाला एकेक आठवायला लागलं. प्रत्येकाला कुठे ना कुठे अस्वल भेटलं होतं. ते अस्वलवनाचं, एवढंच काय ते ठाऊक नव्हतं. मांडवभर हशा उसळला. राघो पोपट धंद्यात मुरलेला. त्यानं वारा ओळखला आणि ठणकावून सांगितलं, "तर मंडळी, अस्वलवनाची मधुवंती!"

ऐकलं! केसोपंतांनी आपल्या कानांनी ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. आता डोळे मिटले तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

मधुवंतीनं पहिला आलाप घेतला. तो पुरा व्हायच्या आत माकड ओरडलं, "ए, गाणं राहू दे! आधी माफ करा म्हणून दाखव!"

"हो, हो! म्हणून दाखव!" सगळा मांडव नाचायला लागला.

मधुवंती गांगरली. सवयीनं तोंडातून गेलं, "माफ करा..."

बापरे! अशा टाळ्या त्या जत्रेत कधी पडल्या नव्हत्या. माकडांनी शेपट्या आपटल्या, हत्तींनी सोंडा उंचावल्या. हवं ते मिळालं म्हणताना प्राणी उठले आणि हसत हसत भजी खायला गेले. गाणं तसंच राहिलं.

रिकाम्या मांडवात केसोपंत हळूहळू पुढे आले. मधुवंती मंचाच्या कडेला बसली होती.

"माफ कर पोरी," ते म्हणाले.

केसोपंतांनी जन्मभर माफी मागितली होती. पण स्वतःच्या चुकीसाठी मागायची ही पहिलीच वेळ. मधुवंतीनं त्यांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि राहिलेलं गाणं म्हटलं. ऐकायला दोघंच होते. एक केसोपंत, आणि शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसलेले झेपेराव.

पुढचं थोडक्यात सांगते, तुम्हाला जांभया यायला लागल्यात. पुढच्याच महिन्यात गरुडांनी 'माफ करा' असं लिहिलेले सदरे विकायला काढले. ते जगभर खपले. बघता बघता जग म्हणायला लागलं, "हे गरुड किती नम्र हो!" वर्षभरात माफीवाली अस्वलं सगळे विसरून गेले.

मग एकदा गरुडवनाच्या मांडवात राघो पोपटानं पुकारलं, "गरुडवनाची शान, मधुवंती!" तिसऱ्या रांगेत केसोपंत बसले होते. ओठावर आलेलं "माफ करा" त्यांनी मधाच्या पोळ्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबून आत ढकललं. मधुवंती गायली आणि सगळा मांडव, माकडांसकट, शेवटच्या सुरापर्यंत हलला नाही.

घरी जाताना खांबावरचं माकड डोळे पुसत केसोपंतांना म्हणालं, "काय गाते हो! तुम्ही कुठले?"

"इथलेच, शेजारचे," केसोपंत म्हणाले. मध त्यांना गोड लागत होता.

तात्पर्य : जग तुमचं गाव चुकीचं सांगत असेल, तर ते अजून तुमचं गाणं ऐकतंय असं समजा. म्हणून मुलांनो, खूप मोठे व्हा आणि नाव काढा. शक्यतो शेजाऱ्याचं.