दुसरं दार विचारणारा बसवराज

बसवराजवर अन्याय झाला तो गेल्या मंगळवारी, दुपारी साडेबारा वाजता. त्या वेळी आमच्या कॉलेजच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर नोटीस लागली. बी.ए. नागरी व्यवहार, तिसरं वर्ष, यातल्या बसवराज या विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनात ‘अकारण घबराट पसरवली’, सबब चौकशी पूर्ण होऊन तो निर्दोष ठरेपर्यंत त्याला शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. खाली सही, शिक्का. ‘अकारण’ हा शब्द ज्यांनी लिहिला ते कार्यालयातले साहेब त्या संध्याकाळी सभागृहातून सगळ्यांच्या आधी बाहेर पडले होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि कुणीही विचारलं तर पुन्हा सांगेन.

तुम्ही बसवराजला ओळखत नसाल. पाहिलं मात्र असेल, आणि पाहिलं असेल तर दारातच. बँक असो, दवाखाना असो, भजीचं हॉटेल असो, हा उंबऱ्यावर थांबतो, आत मान घालतो आणि समोर जो दिसेल त्याला विचारतो, “दुसरं दार कुटं हाय?”

नमस्कार नाही, काम काय ते नाही. आधी दुसरं दार. दार दाखवलं तर तो जाऊन ते उघडतं का बघून येतो. नसलं तर उंबऱ्याजवळचीच जागा धरतो. आमच्या कॉलेजसमोरचं झेरॉक्सचं दुकान म्हणजे कपाटाएवढी खोली. तिथला मालक याला पाहिला की ओरडतो, “न्हाय बाबा दुसरं दार! कागद बाहेरनंच दे!”

हे वेड त्याला आमच्या पदवीने लावलं. ही पदवी काय आहे हे आम्हाला प्रवेश घेताना माहीत नव्हतं आणि घरच्यांना अजून नाही. शहराला पाणी कुठून येतं, कचरा कुठं जातो, रस्ता कुणाच्या दारातून वळतो, घरं कोण पाडतं आणि कुणाची पाडतं, हे तीन वर्षं शिकायचं. माझी आई म्हणते, सोलापुरात नळाला पाणी येत नाही हे कळायला कॉलेज कशाला? मी म्हणते, का येत नाही हे कळायला. त्यावर ती म्हणते, कळलं का मग? आणि मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं वाटायला बाहेर पडते.

बसवराज मैंदर्गीचा. वडिलांचं किराणा दुकान. त्यांनी गावात सांगून ठेवलंय की मुलगा नगरसेवकाचा कोर्स करतोय. त्यामुळे हा सुट्टीत घरी गेला की लोक त्याला बंद पडलेले दिवे दाखवायला नेतात. “बसू, आमच्या बोळाचं बग की जरा.” हाही जातो. खांबाकडे वर बघतो, मान हलवतो आणि त्या घराला दुसरं दार आहे का ते विचारून परत येतो.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला इमारतींच्या सुरक्षिततेवर एक धडा होता. माणसं जमतात त्या जागेला बाहेर पडायच्या वाटा किती हव्यात, जिने किती रुंद हवेत, दारं कुठल्या बाजूला उघडायला हवीत, असला. मॅडमनी तो शिकवला, आम्ही परीक्षेत लिहिला आणि विसरलो. बसवराजने तो खरा मानला. धडा संपला त्या दिवशी त्याने हात वर करून विचारलं, “मॅडम, मग ह्या वर्गाला एकच दार कसं काय?” मॅडम म्हणाल्या, “बसवराज, हा प्रश्न परीक्षेत येणार नाही.” दुसऱ्या दिवसापासून तो दाराजवळच्या बाकावर बसायला लागला.

तेव्हापासून त्याला कुठं न्यायची सोय राहिली नाही. सिनेमाला गेलो तर मध्यंतरात हा गायब. पाहिलं तर टॉर्चवाल्याशी वाद घालतोय. “अहो, बाहेर जायची वाट म्हणून लाल दिवा लावलाय, आन् दार उघडलं की भिंत हाय!” टॉर्चवाला म्हणाला, “मग नका ना जाऊ त्या वाटेनं.” पुढचा अर्धा सिनेमा त्याने पायऱ्यांवर बसून, पडद्याकडे पाठ करून ऐकला.

वर्गातल्या एकीच्या बहिणीचं लग्न जुळे सोलापुरात होतं. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने सांगितलं, दुसरं दार आहे, पण स्टेजच्या मागं. झालं. बसवराज आहेर घेऊन रांगेत उभा राहिला, स्टेजवर चढला, नवरा-नवरीला नमस्कार केला, आणि फोटोला उभं राहायचं सोडून सोफ्याच्या मागे जाऊन फुलांच्या पडद्यात डोकं घातलं. मागे गाद्यांची चळत होती. त्याने एक गादी ओढली. पडदा कलला आणि नवऱ्याच्या मामांच्या फेट्यावर झेंडूच्या माळा आल्या.

“ए, कोण रे हा? मुलीकडचा का?” मामा ओरडले.

“नाही हो, आम्हाला वाटलं तुमच्याकडचा!”

त्या अल्बममध्ये नवरा आहे, नवरी आहे आणि बसवराजची पाठ आहे.

तो जेवतो अक्कांच्या खानावळीत. अक्का अक्कलकोटकडच्या, अर्ध्या कानडीत रागावतात. हा तिथंही दारातल्या पाटावर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चपलांची धूळ याच्या आमटीत. अक्का म्हणायच्या, “यप्पा, दार काय पळून जातंय का? आत ये की.”

“दार न्हाय पळत अक्का, माणसं पळत्यात.”

“आणि सगळ्यात आधी तू पळणार, म्हणून दारात बसतोस,” आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं. तो हसायचा. नाही म्हणायचा नाही.

आता स्नेहसंमेलनाकडे येते. आमच्या सभागृहाला पुढचं मोठं दार आहे आणि बाजूला एक लोखंडी दार. हे बाजूचं दार जड आहे, चौकट कललेली, त्यामुळे सोडलं की आपोआप मिटतं, आणि मिटलं की आतून त्याची कडी अंधारात सापडत नाही. संमेलनाच्या दिवशी त्याला कुलूप होतं आणि कुलपापुढे खुर्च्या. बाहेरची पोरं शिरतात म्हणून. बसवराज सकाळपासून कार्यालयात खेटे घालत होता. साहेब म्हणाले, “तुला संमेलन बघायचंय की दार?” तो म्हणाला, “दार, सर.” त्याला हाकलून दिलं. संध्याकाळपर्यंत मात्र खुर्च्या हलल्या होत्या आणि कुलूप निघालं होतं. किल्ली कुणी दिली ते मी इथं लिहिणार नाही. त्या माणसाला नोकरी करायची आहे.

सभागृह भरलेलं. आया, मावश्या, मांडीवरची पोरं. समूहनृत्य चालू असताना स्टेजमागून जळक्या वायरचा वास आला, ठिणग्या दिसल्या, धूर आला आणि दिवे गेले. पुढच्या दाराकडे एकच झुंबड. तेवढ्यात बाजूने बसवराजचा आवाज, “हिकडं या! हिकडं! हितं दार उघडं हाय!”

मीही त्या आवाजाकडे गेले. अर्धं सभागृह त्या दाराने बाहेर आलं. कुणाचा पाय मुरगळला, चपला हरवल्या, एका काकांचा चष्मा गेला. एवढंच. वायरमनने मेन स्विच पाडला, जळत होता तो पडदा खाली ओढून विझवला.

आणि हाच आता बसवराजचा गुन्हा आहे. आग लहान होती, कुणाला काही झालं नाही, मग हा ओरडला कशाला? काहीच झालं नाही, हाच त्याच्यावरचा आरोप.

चौकशीला मी त्याच्याबरोबर गेले होते. मला आत घेतलं नाही, पण दाराला फट होती.

“किल्ली कुठून मिळाली?”

“मिळाली, सर.”

“मिळाली म्हणजे?”

“म्हंजे... मिळाली की, सर.”

“तू घाबरला होतास का?”

“व्हय, सर. लई.”

“बघा, स्वतःच कबूल करतोय!”

आम्ही वर्गातले सगळे साक्ष द्यायला तयार आहोत. चौकशी समिती म्हणते, विद्यार्थ्यांची साक्ष चालणार नाही, तुम्ही एकमेकांना वाचवणारच. पालकांपैकी कुणी येऊन सांगितलं तर विचार करू. शनिवारी शेवटची बैठक आहे आणि एकही पालक आलेला नाही. परीक्षा सोमवारपासून. बसवराजच्या वडिलांचा फोन आला होता, पुरे झालं, दुकानात बस. मी आयुष्यात पुष्कळ पत्रकं लिहिली, पण एका माणसाचं वर्ष आपल्या हातून निसटतंय, असं पहिल्यांदाच वाटतंय.

काल दुपारी अक्कांच्या खानावळीत गेले. बसवराज दारातल्या पाटावर होता आणि अक्का त्याच्यासमोर बसून भाकरी आमटीत कुस्करत होत्या. त्याच्या उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. चौकशीच्या दिवशी त्याने शाल पांघरली होती, थंडी वाजते म्हणून. सोलापुरात, या दिवसांत, थंडी! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“सायकलवरनं पडला म्हणतोय,” अक्का म्हणाल्या. “ह्याला सायकल कुटंय?”

“दुसऱ्याची हुती, अक्का.”

“ऊटा माडप्पा. जेव आधी. खोटं मग बोल.”

अक्का आत गेल्यावर मी त्याला धरलंच. कधी लागलं? तो आमटीकडे बघत म्हणाला, “दार मिटायला लागलं हुतं, लीडर.” तो मला लीडरच म्हणतो, थट्टेने. “पाठ लावून धरलं. मागनं रेटा आला तवा हात बिजागरीत गेला.”

“म्हणजे सगळे बाहेर येईपर्यंत तू तिथंच होतास?”

“पळालो असतो तर दार मिटलं असतं की.”

“अरे मग हे समितीला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? हिरो झालो म्हनून? मी काय हिरोबिरो न्हाय. त्यांनी विचारलं घाबरला हुतास का, तर हुतोच की.”

मी चिडले. मला चिडता येतं, तेवढं बरं येतं. आम्ही त्याला पळपुटा म्हणायचो त्याचं काय, असं काहीतरी मी बोलून गेले. तो नेहमीसारखा हसला.

“खरं सांगू का, लीडर? मला रोज भ्या वाटतं. कुटंबी गेलं तरी. तुमी सगळी आत गप्पा मारत बसता, माजं ध्यान आपलं दाराकडं. त्या दिवशी दार धरल्यावर मातर भ्या जरा कमी झालं. समदी माणसं मला घासूनच जात हुती ना.” तो डाव्या हाताने भाकरीचा घास जुळवायला लागला, तो काही जुळेना. “एक बाई थांबली हुती. मागनं लोक ढकलत हुते तरी थांबली. अंधारात माज्या तोंडावरनं हात फिरवला आन् म्हनली, ‘तू पण ये रे बाळा.’ हातात बांगड्या लई हुत्या तिच्या. कोण हुती काय म्हाईत.”

त्याने तो घास तसाच सोडून दिला. आणि मग, जणू आमटी तिखट झालीय असं सांगावं तसं म्हणाला, “सोलापुरात येऊन तीन वर्षं झाली. ‘तू पण ये’ असं कुणी म्हनलं नव्हतं.”

मी त्याचा घास जुळवून दिला आणि तशीच घरी आले. म्हणून हे लिहितेय.

बाई, तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही. तुमची मुलगी त्या नाचात होती की मुलगा टाळ्या वाजवायला आला होता, तेही माहीत नाही. पण तुम्ही तिथं होतात आणि त्याचा चेहरा तुमच्या हाताला ठाऊक आहे. शनिवारी सकाळी अकरा वाजता आमच्या कॉलेजच्या कार्यालयात या. पहिला मजला, डावीकडची खोली. आणि तुम्ही त्या बाई नसाल, पण त्या संध्याकाळी बाजूच्या दाराने बाहेर पडून, पोरांना कडेवर घेऊन, रिक्षा करून घरी गेला असाल, तर तुम्हीही या. कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढा, शेजारणीला घेऊन या, शिपाई अडवायला लागला तर बसवराजच्या साक्षीला आलोय म्हणा, मी खालीच उभी असेन. भाषण करायचं नाही, अर्ज लिहायचा नाही. समितीसमोर उभं राहून एवढंच म्हणायचं, “या मुलाने दार धरलं होतं, म्हणून मी बाहेर आले.” त्याचा पेपर लिहायला लेखनिक मी शोधीन, पण सोमवारनंतर हे म्हणून उपयोग नाही. शनिवारी या.