विचार करण्याची तरतूद

वाहतूकबाईंचा संगणक सकाळी साडेदहाला सुरू केला की पावणेअकराला जागा व्हायचा आणि दुपारपर्यंत धापा टाकायला लागायचा. नगरपालिकेच्या वाहतूक नियोजन विभागात खुर्च्या दोन, संगणक एक आणि माणूसही एकच होता. त्या माणसाचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसल्यामुळे सगळे त्यांना वाहतूकबाई म्हणत. बाईही आता त्याच नावाला ओ देत.

शहरात नवा उड्डाणपूल व्हायचा होता. कंत्राटदाराच्या आराखड्यात पुलाचा उतार नेमका एका शाळेच्या फाटकासमोर येऊन टेकत होता. शाळा सुटायच्या वेळी वरून गाड्यांचा लोंढा आणि आतून सातशे पोरं, असा तो सुंदर बेत होता. बाईंची नणंद त्याच शाळेत शिक्षिका. पूल नसतानाच ती रोज फाटकात शिट्टी घेऊन उभी राहायची आणि घरी आल्यावर कोचावर आडवी पडायची. "वहिनी, पूल झाल्यावर मी शिट्टी वाजवायची की रुग्णवाहिका बोलवायची, तेवढं सांगून ठेव," असं तिने एकदा जेवताना विचारलं, तेव्हा बाई अर्ध्या ताटावरून उठल्या.

उतार दोनशे पावलं पुढे नेला तर कुणाच्या जिवावर बेतणार नाही, अशी बाईंची खात्री होती. पण त्या कार्यालयात कनिष्ठ माणसाच्या खात्रीला कुणी भीक घालत नसे. संगणकावर वाहतुकीचं मॉडेल चालवून, कुठली गाडी कुठे अडकते आणि रांग कुठवर जाते, हे आकड्यांत दाखवायला हवं होतं. तेही आराखडा मंजूर करण्याच्या बैठकीआधी, म्हणजे दोन महिन्यांत. जुना संगणक मॉडेल चालवायला घेतलं की चौथ्या दिवशी बंद पडायचा, आणि मग पहिल्यापासून सगळं पुन्हा.

म्हणून बाईंनी नव्या संगणकासाठी एका पानाचा अर्ज केला. कोणता भाग हवा आणि का हवा, हे त्यात नीट लिहिलं. शेवटी साध्या शब्दांत लिहिलं, की सगळे भाग एकमेकांच्या तोडीचे असावेत, कारण एक भाग मागे पडला की बाकीचे नुसते त्याची वाट बघत बसतात. हे आपण संगणकाबद्दल लिहितोय की कार्यालयाबद्दल, असं त्यांच्या मनात क्षणभर येऊन गेलं. तरी त्यांनी ते वाक्य तसंच ठेवलं.

अर्ज मोठ्या साहेबांकडे गेला. मोठे साहेब कार्यालयाचे प्रमुख. कुठलंही काम एकाच माणसावर सोपवलं तर ते होऊन जाण्याचा धोका असतो, हे त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत ओळखलं होतं. त्यांनी ताबडतोब समिती नेमली.

समितीत विद्युत, पाणीपुरवठा, उद्यान आणि भांडार अशा चार विभागांचे प्रमुख होते. त्यांना घेण्याचं कारण एवढंच, की वाहतूक विभागाकडे पैसे नव्हते आणि या चौघांकडे वर्षअखेरीला थोडे उरले होते. फक्त एक नियम आडवा येत होता. ज्या विभागाचा पैसा, तो त्याच विभागाच्या कामाच्या वस्तूवर खर्च व्हायला हवा. बाईंचा अर्ज त्या बैठकीत कुणी वाचला नाही, पण नियम मात्र दोनदा मोठ्याने वाचला गेला.

विद्युत विभागाच्या प्रमुखांनी छाती पुढे काढून वीजपुरवठ्याचा भाग आपल्याकडे घेतला, आणि बाजारातला सगळ्यात दांडगा घेतला. त्यावर अख्खा मजला उजळला असता. पाणीपुरवठ्याच्या प्रमुखांना कुठूनसं कळलं होतं, की हल्ली संगणक पाण्याच्या नळ्यांनी थंड ठेवतात. नळी म्हटल्यावर ते हटेनात. उद्यानविभागाच्या बाईंकडे सुशोभनाचा निधी होता, म्हणून त्यांनी काचेची पेटी आणि रंग बदलणारे दिवे पसंत केले. भांडारप्रमुखांना साठवण या शब्दापुढे दुसरं काही सुचत नसे. त्यांनी माहिती साठवायच्या आठ डिस्क मागवल्या. वाहतूकबाईंचा सगळा माल अर्ध्या डिस्कमध्ये मावला असता, पण भांडारप्रमुखांच्या मते जागा कधी वाया जात नाही.

"आणि प्रोसेसर?" बाईंनी विचारलं.

"तो काय करतो?" मोठे साहेब म्हणाले.

"विचार करतो, साहेब. सगळं गणित तोच सोडवतो. बाकी सगळं त्याच्यासाठी असतं."

समितीने आपापल्या तरतुदी तपासल्या. दिवे लावायला तरतूद होती, पाणी खेळवायला होती, झाडं लावायला होती, सामान रचून ठेवायलाही होती. विचार करण्यासाठी कुठल्याच विभागाकडे तरतूद नव्हती. बराच वेळ कागद चाळून झाल्यावर मोठ्या साहेबांनीच मार्ग काढला. प्रोसेसर आणि रॅम, म्हणजे त्याची तात्पुरती स्मृती, किरकोळ खर्चात बसवायचे. किरकोळ खर्चातून त्या कार्यालयात टाचण्या, फिनेल आणि फरशी पुसायची फडकी येत असत. पुढच्या आठवड्यात फडक्यांच्याच खोक्यातून प्रोसेसर आला. तो शाळकरी पोरांना धडे टंकित करायला पुरला असता. सोबत रॅमची एकच कांडी होती आणि तीही त्याच्याच लायकीची.

संगणक जोडून झाला तेव्हा बघायला सगळं कार्यालय लोटलं. काचेतून निळा, जांभळा, हिरवा उजेड फाकत होता, नळ्यांतून पाणी सुळसुळत होतं, आठ डिस्क एका सुरात गुणगुणत होत्या. हे ध्यान वाहतूक विभागातल्या टेबलावर मावेना, म्हणून ते मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर ठेवण्यात आलं. तिथे येणाऱ्याजाणाऱ्यांना ते दिसलंही असतं. उद्यानबाईंनी दोन कुंड्या आणून शेजारी ठेवल्या. बाईंनी एका स्टुलावर अंग चोरून बसत मॉडेल सुरू केलं, आणि तासाभराने पडद्यावर अंदाज उमटला. उरलेला वेळ, अकरा दिवस. जुना निदान चार दिवसांत हात टेकायचा.

अकरा तर अकरा, असं म्हणून बाईंनी मनाची समजूत घातली. पण संगणक चार विभागांच्या मालकीचा होता आणि चौघांनाही आपापल्या वस्तूची काळजी होती. तिसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याची माणसं गळती तपासायला आली. त्यांच्या नियमात तपासणीआधी यंत्र बंद ठेवणं लिहिलेलं होतं. त्यांनी बंद केलं, नळ्यांवरून बोट फिरवलं, नोंदवहीत सही केली आणि गेली. मॉडेल पहिल्यापासून सुरू झालं. मंगळवारी विद्युत विभागाची चाचणी झाली. शुक्रवारी भांडारवाल्यांनी मालमोजणीसाठी आठही डिस्क उपसून टेबलावर मांडल्या, आठच भरल्या म्हणून समाधान व्यक्त केलं आणि परत बसवताना सातच जोडल्या. उद्यानविभागाने तेवढं मॉडेल बंद पाडलं नाही, पण रोज सकाळी त्यांचा माणूस काच ओल्या फडक्याने पुसायचा आणि बाईंना उठून उभं राहावं लागायचं.

महिना असा गेला. बाई रडकुंडीला आल्या होत्या. घरी नणंद आता काही विचारत नव्हती आणि ते जास्त लागत होतं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई तळमजल्यावर दुरुस्ती विभागात गेल्या. जुना संगणक निदान चार दिवसांऐवजी पंधरा दिवस तग धरेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

तिथे दुरुस्तीकाका बसत. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, चष्मा कपाळावर, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "काम काय आहे तुमचं?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणीच विचारला नव्हता. मग त्यांनी पूल, उतार, फाटक, सातशे पोरं, सगळं सांगितलं. काकांनी एकाच वेळी रस्त्यावर किती गाड्या धरायच्या ते विचारलं, मॉडेल किती रॅम खातं ते विचारलं आणि जुन्या पाकिटाच्या पाठीवर पाच ओळी लिहिल्या. प्रोसेसर किती ताकदीचा, तो ज्यावर बसतो तो साजेसा मदरबोर्ड कोणता, त्याची भूक भागेल एवढी रॅम किती, वेगाने वाचणारी एक डिस्क आणि या सगळ्याला पुरून थोडा उरेल असा वीजपुरवठा. "पंखा साधा चालेल. पेटी जुनीच राहू दे," ते म्हणाले. "ती काही गणित सोडवत नाही."

बाईंनी आपल्या पहिल्या अर्जाची प्रत पर्समधून काढली. दोन्ही याद्या जवळपास सारख्या होत्या. बाईंना बरं वाटलं आणि संतापही आला.

"पण यासाठी पुन्हा समिती बसेल," त्या म्हणाल्या.

"नवीन घ्यायला समिती लागते. दुरुस्तीला नुसता बिघाड लागतो, आणि माझी सही."

काकांनी पाच अर्ज पुढे ओढले. खोटं लिहायला त्यांचा ठाम नकार होता, त्यामुळे बिघाडाच्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'प्रोसेसर कामाला अपुरा.'

"हा बिघाड धरला तर अर्धं कार्यालय दुरुस्तीला घ्यावं लागेल, काका."

"त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत," काका म्हणाले आणि दुसरा अर्ज भरायला घेतला.

दहा दिवसांत पाचही भाग आले. बाहेरून जुना संगणक होता तसाच राहिला, एका कोपऱ्यात पोचा आलेला आणि समोरचं झाकण टेपने चिकटवलेलं. सोमवारी सकाळी बाईंनी मॉडेल सुरू केलं, पत्रव्यवहार उरकला, डबा खाल्ला, आणि हात धुऊन आल्या तर उत्तर तयार होतं. उतार फाटकासमोर ठेवला तर रांग शाळेला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरत होती. दोनशे पावलं पुढे नेला तर रांगच लागत नव्हती. बाईंनी खात्रीसाठी ते आणखी तीनदा चालवलं आणि मग दार लावून घेऊन दोन मिनिटं नुसत्या रडल्या.

बैठकीत मोठ्या साहेबांच्या हुकमावरून निकाल काचेच्या संगणकावर दाखवण्यात आला. तयार चित्रफीत दाखवण्याइतपत त्याची मजल होती, तीही मध्ये दोनदा अडखळली. सभासदांना रांगेत अडकलेल्या गाड्या दिसल्या, फाटक दिसलं, आणि उतार पुढे न्यावा यावर सगळ्यांचं एकमत झालं. कंत्राटदाराचा मात्र चेहरा उतरला. त्याला पायापासून सगळं नव्याने आखावं लागणार होतं. तो उठून उभा राहिला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, की मॉडेल समितीने मंजूर केलेल्या यंत्रावर चाललं असेल तर त्याला काही म्हणायचं नाही. मात्र ते एखाद्या जुन्यापान्या डबड्यावर चाललं असेल, तर नियमाप्रमाणे निकाल रद्द धरून आधीचाच आराखडा कायम करावा लागेल.

"ह्याच यंत्रावर चाललंय," मोठे साहेब काचेवर हात ठेवून अभिमानाने म्हणाले. त्यांना खरोखर तसंच वाटत होतं. "बाई, लेखी देऊन टाका त्यांना."

बाईंच्या पुढे कोरा कागद आला. खरं लिहिलं असतं तर सात वर्षांपूर्वीचा, नोंदवहीत बाद व्हायला टेकलेला संगणक पुढे आला असता, कंत्राटदाराने नियम उघडला असता आणि उतार पुन्हा फाटकासमोर येऊन बसला असता. समितीचे चारही सदस्य त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. ज्यांनी आपल्याला स्टुलावर बसवून रडवलं त्यांची आता आपल्याच हाताने पाठ थोपटायची, या विचाराने बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी त्यांनी लिहिलं. 'मॉडेल समितीने निवडलेल्या संगणकावर चालवले,' आणि खाली सही.

"दोन चांगले शब्दही घाला," मोठे साहेब म्हणाले.

'या संगणकाचे सर्व भाग एकमेकांना अत्यंत साजेसे आहेत,' असं बाईंनी आणखी एक वाक्य घातलं. हे मात्र त्यांनी वर मान करून, समितीकडे बघत लिहिलं.

उतार पुढे सरकला. नणंदेने त्या संध्याकाळी स्वतः स्वयंपाक केला आणि बाईंना ताटावरून उठू दिलं नाही. इकडे समितीचा सत्कार झाला. बाईंचं प्रमाणपत्र मोठ्या साहेबांनी वरच्या कार्यालयाला पाठवलं, ते तिथल्यांना फार आवडलं, आणि महिन्याभरात परिपत्रक निघालं. आसपासच्या तेराही नगरपालिकांनी याच धर्तीवर समिती नेमून, याच पद्धतीने, असाच संगणक घ्यावा. सोबत बाईंच्या प्रमाणपत्राची प्रत जोडलेली होती.

पहिला फोन पंधरा दिवसांनी आला. पलीकडे कुठल्याशा नगरपालिकेतल्या वाहतूक विभागातली बाई होती. आवाज दबका होता, आणि मागे पाणी सुळसुळल्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं.

"ताई, प्रमाणपत्रावर तुमची सही आहे म्हणून विचारते. हा खरंच चालतो का हो?"

"चालतो की," बाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. "तुमचा जुना संगणक अजून टाकला नाहीत ना? टाकू नका. आणि तुमच्याकडे दुरुस्तीला कोण बसतं, ते आधी मला सांगा."