गाढव हललं, फोटो बिघडला

एका जंगलात, बाळांनो, पोट सगळ्यांना होतं, डोकं काहींना होतं, आणि कॅमेरा एकालाच होता. तो एक म्हणजे मुकुंदा मुंगूस.

सहलीला आलेल्या कुणा माणसाचा तो कॅमेरा जीपमधून पडला. मुकुंदाने उचलून गळ्यात अडकवला आणि त्या दिवसापासून साप मारायचं सोडून दिलं. कलावंताने असली कामं करायची नसतात, असं तो म्हणायचा. सापांनी त्याचा जाहीर सत्कार केला. कॅमेऱ्याला बॅटरी कुठून मिळायची असं मात्र विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर गप्प ऐका.

पावसाळ्यात त्याचं बरं चाललं होतं. त्याने धबधबा काढला, पिसारा काढला, शेवाळाचे छत्तीस फोटो काढले. पानावरचा थेंब तर इतक्यांदा काढला की शेवटी तो कंटाळून गळून पडला. मंडळी वा वा म्हणायची. वा म्हणायला पदरचं काही जात नाही.

मग मार्गशीर्ष लागला. गवत वाळलं, ओढा आटला, धबधब्याच्या जागी नुसता काळा कातळ उरला. मोराचा पिसारा तर केव्हाच झडला होता. मुकुंदा रोज सकाळी कॅमेरा घेऊन निघायचा आणि हात हलवत परत यायचा. त्याला प्रेरणा येईना. तुमचं प्रेरणेवाचून काही अडत नाही, बाळांनो. कलावंताचं फार अडतं. तो चिडचिडा होतो, आणि आपण किती चिडचिडे झालो आहोत हे दिसेल त्याला थांबवून सांगतो.

त्यातच राजाने दवंडी पिटवली. संक्रांतीला 'गारठा' या विषयावर फोटोंची स्पर्धा. पहिला येईल तो राजछायाकार. स्पर्धक अर्थातच एकटा मुकुंदा होता, तरी त्याची झोप उडाली. पहिल्या बक्षिसाच्या लायकीचं काहीच आलेलं नाही, असं म्हणायची परीक्षकांना खोड असते, हे त्याला ठाऊक होतं.

परीक्षक होते तळ्यावरचे बगळेगुरुजी. ते एका पायावर उभे राहून सौंदर्य म्हणजे काय ते शिकवायचे. विद्यार्थी बहुतेक मासेच होते, त्यामुळे वर्ग दिवसेंदिवस लहान होत चालला होता. मुकुंदाने त्यांचे पाय धरले, म्हणजे जो एक खाली होता तो धरला, आणि थंडीत काढण्यासारखं काही दिसतच नाही, अशी तक्रार केली.

"थंडी दिसत नसते," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "ती कुणाला तरी वाजत असते. तो कुणीतरी शोध."

मुकुंदाला धन्य धन्य वाटलं. त्याची स्वतःची लव थंडीत चांगली दाट व्हायची आणि बीळही ऊबदार होतं, म्हणून ही गोष्ट त्याच्या कधी लक्षात आली नव्हती.

कुणीतरी शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जंगलाच्या कडेला उघड्या माळावर सोनबा नावाचं एक म्हातारं गाढव राहायचं. जन्मभर कुंभाराची माती वाहिली, गुडघे धरले तेव्हा कुंभाराने हाकलून दिलं, आणि ते इकडे आलं. त्याला ना बीळ ना ढोली. पण त्या जंगलात एक जुनी रीत होती. पौष लागला की प्रत्येक घरातून वाळल्या गवताची एकेक पेंढी सोनबाकडे जायची. चाळीस पेंढ्या जमल्या की खाली अंथरूण व्हायचं, वाऱ्याच्या बाजूला आडोसा व्हायचा, आणि सोनबाचा तो हिवाळा निघायचा. पेंढ्यांवाचून तो निघणार नाही, हे सोनबालाही माहीत होतं आणि जंगलालाही.

पौषातल्या पहिल्या सकाळी मुकुंदा माळावर पोचला तेव्हा सोनबा असा कुडकुडत होता की त्याचे कानही थरथरत होते. मुकुंदाला भरून आलं. इतके दिवस मी कुठे होतो, असं त्याला वाटलं. तो कॅमेरा डोळ्याला लावतो न लावतो तोच समोरून येसाक्का साळू आली. दरसालची पहिली पेंढी तिचीच असायची.

"थांबा येसाक्का," मुकुंदा म्हणाला. "पेंढी आत्ता नको."

"का वो? पौष लागला की. त्याची हाडं बगा कशी वाजायल्यात."

"तेच तर मला हवंय. पेंढी घातलीत की वाजायची थांबतील."

येसाक्काच्या अंगावरचे काटे उभे राहिले. पण ती काही बोलायच्या आत सोनबाच बोलला.

"ऱ्हाऊ दे आक्का. चार दिसांनी घाल. जल्मात मला कुनी असं निरखून बगितलं न्हाई. बगायचे ते पाठीवरलं वझं बगायचे."

येसाक्काने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. पेंढी तिथेच ठेवून ती निघून गेली. मुकुंदाने ती पायाने दहा हात लांब सारली. फोटोत येत होती.

आता बाळांनो, कॅमेऱ्याची एक गंमत सांगतो. धुक्यात उजेड कमी असतो. कमी उजेडात कॅमेरा आपला डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात समोरचा हलला की फोटोत त्याचा नुसता फराटा उमटतो. आणि कुडकुडणारं गाढव हलणारच. पहिल्या दिवशी मुकुंदाने वीस फोटो काढले. वीसही फोटोंत सोनबाच्या जागी करडा धूर आला.

"सोनबा," तो म्हणाला, "थंडी वाजू द्या. पण हलू नका."

"दोन्ही येकदम कसं जमंल?"

"मन लावलं की जमतं."

सोनबाने मन लावलं. तो श्वास रोखून बघायचा, दात आवळून बघायचा, चारी पाय मातीत रोवून उभा राहायचा. फोटो हललेलाच यायचा. मग तो माफी मागायचा. आपण प्रयत्न करतो पण गुडघे ऐकत नाहीत, असं सांगायचा. मुकुंदाही मोठ्या मनाने माफ करायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तयार राहायला सांगायचा. उन्हात फोटो काढला तर हललेला येणार नाही, हे त्याला कळत होतं. पण उन्हात गाढव गाढवासारखं दिसतं.

चार दिवसांचे दहा झाले. जंगलात बातमी पसरली, तशी घरोघर पेंढ्या बांधायच्या राहिल्या. हरणांनी सभा घेतली आणि प्रदर्शन होईपर्यंत कलेत लुडबुड करायची नाही, असा ठराव एकमताने केला. रानडुकरांनी त्याला पाठिंबा दिला. गवत कापायचा कंटाळा त्यांना दरसाल यायचा, यंदा त्याला नाव चांगलं मिळालं. आळस आणि कला एका वाटेने निघाले की मंडळी चटकन कलेचं बोट धरतात.

शिवाय रोज सकाळी माळावर गर्दी होऊ लागली. अंगभर लोकर पांघरून अस्वल आलं. गारठा काय जिवंत आलाय, असं ते आपल्या पोराला सांगत होतं. फोटो तर अजून निघालाच नव्हता. ते सोनबाकडेच बघून बोलत होतं.

एका सकाळी सोनबाला उभं राहता येईना. तो एका धोंड्याला टेकून बसला आणि मुकुंदाने लांब सारलेल्या त्या एकुलत्या एक पेंढीकडे बघू लागला. मुकुंदानेही तिकडे पाहिलं. उचलून घालायला कितीसा वेळ लागला असता? त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलेलं त्याच्या लक्षात आलं आणि त्याला आनंद झाला, कारण हीच ती प्रेरणा, अशी त्याची खात्री पटली. त्याने डोळे पुसले. ओल्या डोळ्यांनी नीट दिसत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दाट धुकं पडलं. सोनबा त्याच धोंड्याला टेकून बसला होता. त्याच्या पाठीवर दंव पांढरं होऊन साचलं होतं. मान किंचित वर होती. आणि तो हलत नव्हता.

"शाब्बास," मुकुंदा हळूच म्हणाला.

त्याने तीस फोटो काढले. एकही हलला नाही. पापणीचा केस अन् केस आला होता, केसावरचा दंवाचा कणही आला होता. शेवटी एकदाचं गाढवाला समजलं, असं मनात म्हणत तो त्याच्या पाठीवर थाप मारायला जवळ गेला. थाप मारली तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

तुमच्या केव्हाच लक्षात आलं होतं, बाळांनो. पण तुम्ही कलावंत नाही.

संक्रांतीला प्रदर्शन झालं. राजाच्या गुहेत मोठी शेकोटी केली होती. फोटो पाहून सगळे हळहळले, आणि हळहळून झाल्यावर तीळगूळ खाल्ला. बगळेगुरुजींनी निकाल वाचला. इतकी स्थिरता आपण आजवर पाहिली नाही, विषयाने कलावंताला किती साथ दिली आहे, असं ते म्हणाले. मुकुंदाला राजछायाकार केलं आणि राजाच्या हस्ते शाल आणि श्रीफळ दिलं. शाल लोकरीची होती. मुकुंदाने हा सन्मान सोनबाच्या स्मृतीला अर्पण केला आणि शाल स्वतः पांघरली.

तेवढ्यात मागून येसाक्का उठली.

"मला येक सांगा," ती म्हणाली. "पेंढी घातली असती, तर बी त्यो हलायचा थांबला असता की."

हे कुणालाच सुचलं नव्हतं. मुकुंदाला तर शालीतही क्षणभर गार वाटलं. सगळे गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागले. गुरुजींनी पाय बदलला.

"खरं आहे," ते म्हणाले. "पण मग फोटोत गारठा कुठे आला असता?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. टाळ्या वाजल्या. राजाने तिथल्या तिथे पुढच्या साली याच विषयावर पुन्हा स्पर्धा जाहीर केली.

येसाक्का बाहेर पडली. तिचंही वय झालं होतं. थंड वाऱ्यात ती सावकाश पाय टाकत चालली होती, अंगावरचे निम्मे काटे झडलेले. मुकुंदा गुहेच्या तोंडाशी उभा राहून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने तिला हाक मारली.

"येसाक्का," त्याने अगदी प्रेमाने विचारलं, "यंदाच्या पावसात तुमचं बीळ ढासळलंय म्हणतात, खरं का?"

तात्पर्य: थंडीत प्रेरणा आटली तर कलावंताने घाबरून जाऊ नये. उघड्यावर कुणी ना कुणी असतंच. फक्त हलू नको, असं त्याला आधीच सांगून ठेवावं.