नागरिक ढोमणे गुरुजी

ढोमणे गुरुजी कोणालाही नुसत्या नावाने हाक मारत नसत. आमच्या दोघांच्या क्वार्टरांत एकच भिंत होती. सकाळी त्या भिंतीपलीकडून आवाज यायचा, "नागरिक इंगोले, तुमचा बनियान दोरीवरून उडून गेला. मालमत्तेचं रक्षण करा."

आमची मुलगी तेव्हा महिन्याची होती. तिला ते "भावी मतदार" म्हणत. कारखाना उभारायला आलेला रशियन इंजिनिअर सायकलवरून गेला, की "परदेशी पाहुणे, नमस्कार." गल्लीतला कुत्रा मात्र नागरिक नव्हता. तो "रहिवासी". हे त्यांनी मला फार गंभीरपणे समजावून सांगितलं होतं.

माझी बायको एकदा वैतागली. "मले नागरिक नोका म्हणू जी गुरुजी. कसंतरीच वाटते."

गुरुजींनी विचार केला. "ठीक आहे. वहिनी म्हणतो. पण तुमचे हक्क तेच राहतील."

ते नागरिकशास्त्र शिकवत, मी गणित. शाळा टिनाच्या शेडमध्ये भरायची. बाहेर दिवसभर डंपर चालू. तास संपेपर्यंत फळ्यावरच्या अक्षरांवर लाल धूळ बसायची. वर्गात पोरं सगळ्या मुलखांची. बंगाली, तेलुगू, पंजाबी, आमची नागपूरकडची आणि आसपासच्या खेड्यांतली छत्तीसगढी. गुरुजी शिकवायचे हिंदीत आणि रागवायचे मराठीत. राग सगळ्यांना कळायचा.

पुस्तकात संसदेवर दीड पान होतं. गुरुजींना ते अपुरं वाटलं. त्यांनी वर्गाचीच संसद केली. पोरांनी पहिला कायदा केला तो असा : जो उशिरा येईल, त्याने पूर्ण तास दाराबाहेर उभं राहायचं. एकमताने मंजूर.

तिसऱ्याच दिवशी रस्त्यात क्रेन आडवी झाली आणि गुरुजी दहा मिनिटं उशिरा पोचले. ते दाराशी आले, घड्याळ पाहिलं, छत्री उघडली आणि बाहेर उन्हात उभे राहिले. पोरं आत, गुरुजी बाहेर. मी शेजारच्या वर्गातून जाऊन म्हटलं, "अहो, निदान खिडकीतून तरी शिकवा."

"शिक्षा चालू आहे. शिक्षेत पगारी काम करता येत नाही."

तेवढ्यात हेडमास्तर आले. ते उत्तरेकडचे. "क्या हुआ ढोमणेजी?"

"कानून हुआ, सर."

हेडमास्तरांनी त्यांना आत जाण्याचा हुकूम दिला. गुरुजींनी नम्रपणे सांगितलं, की हुकूम कायद्याच्या वर नसतो. हेडमास्तर ऑफिसात परत गेले. शेवटी वर्गातल्या दुलारी नावाच्या मुलीने दुरुस्ती मांडली : क्रेनमुळे झालेला उशीर हा उशीर धरू नये. हात वर झाले. गुरुजींनी छत्री मिटली, आत आले आणि मराठीत म्हणाले, "इतका वेळ काय करून राहिले होते रे तुम्ही?"

याच दुलारीने पुढे एक प्रश्न विचारला. धडा होता 'आपण आणि आपलं गाव'. ती उठून म्हणाली, "गुरुजी, हमर गाँव तो कारखाना म चल दिस. त हमन कहाँ के नागरिक हन?" आमचं गाव तर कारखान्यात गेलं, मग आम्ही कुठले नागरिक?

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. गुरुजी म्हणाले, "सांगतो," आणि त्यांनी रजा टाकली. त्यांची रजा मी तोपर्यंत पाहिली नव्हती. मलेरियातसुद्धा ते शाळेत येऊन थरथरत मूलभूत हक्क शिकवायचे.

दुलारीच्या बापाला घेऊन ते दुर्गच्या कचेरीत गेले. त्याचं नाव मतदार यादीत नव्या वस्तीत घालायचं होतं. तिथल्या बाबूने विचारलं, "गाँव?"

गुरुजी म्हणाले, "गाँव अब नहीं है."

"तो नाम कैसे चढेगा?"

गुरुजींनी दुलारीच्या बापाला खांद्याला धरून पुढे उभं केलं. "गाँव नहीं है, आदमी है. ये देखिए."

बाबूने पाहिलं आणि उद्या या म्हणाला. असे तीन उद्या झाले. तिन्ही दिवस दोघं कचेरीच्या पायरीवर मुरमुरे खात बसले. चौथ्या दिवशी नाव चढलं. गुरुजी वर्गात आले आणि म्हणाले, "दुलारी, उत्तर. तुझा बाप इथला मतदार आहे. सगळ्यांनी लिहून घ्या."

मग शिरगणती आली. घरोघर जाऊन माणसं मोजायचं काम मास्तरांकडे होतं. आमची क्वार्टरांची लाइन गुरुजींकडे, मी मदतनीस. माणसं वय चुकीचं सांगत, तर गुरुजी बसून राहत. एका आजीबाईचं वय काढायला तासभर लागला. तिच्या लग्नात कुठली बैलजोडी होती इथपासून त्यांनी हिशेब मांडला.

संध्याकाळी शेवटी त्यांचंच क्वार्टर उरलं. कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "मोजणाऱ्याने स्वतःची माहिती स्वतः भरायची नाही, असा नियम आहे. तुम्ही भरा." असा नियम मला पुढे कुठेही सापडला नाही.

ते कुलूप काढून आत गेले आणि दार लावून घेतलं. मी वाजवलं.

"कोण?"

"शिरगणती."

"या. बसा."

त्यांनी मला स्टूल दिलं आणि स्वतः खाटेवर ताठ बसले. नाव, वय, शिक्षण, धंदा. सगळी उत्तरं खणखणीत. मग मी पुढचं वाचलं, "विवाहित, अविवाहित की विधुर?" आणि त्यांचं उत्तर यायच्या आधीच पेन अविवाहितकडे नेलं. आमच्या लाइनीत सगळे तेच धरून चालले होते.

"थांबा," ते म्हणाले.

मी थांबलो. त्यांनी वाकून माझं पेन कुठल्या शब्दावर आहे ते पाहिलं.

"विधुर लिहा. सहा वर्षं झाली. पवनीला, बाळंतपणात. लेकरूही नाही राहिलं." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाले, "इथं आल्यापासून मले हे पहिल्यांदा कोणी विचारून राहिलं जी. तेही सरकारनं."

आमच्या दोघांत वीतभर जाडीची भिंत होती. तिच्यापलीकडे मी चार वर्षं राहत होतो.

मी 'विधुर' लिहिलं. खाली आणखी रकाने होते. कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "नाव काय होतं वहिनींचं?"

"हे फॉर्मात नाही."

"नाही. मी विचारून राहिलो."

ते उठले, स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "सुभद्रा." मग सांगू लागले. चहा दोनदा झाला. माझ्या बायकोने भिंतीवर थाप मारून जेवायला बोलावलं, तरी ते सांगत होते आणि मी ऐकत होतो.

आमच्या लाइनीचे कागद एक दिवस उशिरा जमा झाले. वरून विचारणा आली, तेव्हा गुरुजींनी कारण लिहून दिलं : एका घरी वेळ लागला.